बंदरांची वेला : हवामानबदल आणि पश्चिम किनाऱ्यावरील बंदरे

१. विषयप्रवेश

संस्कृतातील 'वेला' ह्या शब्दाला मर्यादा, समुद्राचा तट, भरती आणि काळ असे चार अर्थ आहेत. मराठीत आलेल्या 'वेळ' ह्या तद्भव शब्दात त्यांपैकी काळाचा अर्थ तेवढा ठळकपणे उरला. परंतु ज्या समाजाने हे चारही अर्थ एका शब्दात साठविले, त्याची समजूत स्पष्ट होती. समुद्राला एक मर्यादा आहे, तो ठरावीक वेळी तिथपर्यंत येतो आणि ठरावीक वेळी मागे सरतो, अशी ती समजूत होय. जगातील झाडून सारी बंदरे ह्याच समजुतीवर बांधली गेली आहेत. धक्क्याची उंची, गोदीच्या दारांची रचना, गुदामांची जागा, सांडपाण्याच्या नळांची तोंडे ही सर्व समुद्राची कमाल मर्यादा ठाऊक आहे असे गृहीत धरून ठरविली जातात. हवामानबदलाने हे गृहीतच डळमळीत केले आहे. ते कसे, आणि त्यावर बंदरांना काय करता येण्यासारखे आहे, ह्याचे विवेचन प्रस्तुत लेखात करावयाचे आहे.

देगलूरसारख्या ठिकाणी बसून बंदरांचा विचार कशासाठी करावा, असा प्रश्न येथे उपस्थित होण्याचा संभव आहे. देगलूर मुंबईच्या समुद्रापासून सरळ रेषेत सुमारे पाचशे किलोमीटरांवर आहे, आणि पूर्व किनाराही जवळजवळ तितकाच दूर आहे.  परंतु आपल्या तालुक्यातील शेतकरी मृगाच्या पेरणीबरोबर जे पालाशयुक्त खत शेतात टाकतो, ते जवळजवळ संपूर्णपणे परदेशांतून जहाजाने येते. आपल्या स्वयंपाकघरातील पामतेल असेच येते. देशात तूर कमी पडली की ब्रह्मदेशाची व आफ्रिकेची तूर येते, आणि तिची चाहूल लातूरच्या आडत बाजारातील भावाला तत्काळ लागते. उलट दिशेने आपला कापूस व सोयाबीनची पेंड बंदरांतूनच बाहेर जाते. हा संबंध आजचा नव्हे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' ह्या ग्रीक प्रवासवृत्तात पैठणहून मौल्यवान खडे आणि तगर, म्हणजे आजचे तेर, येथून कापड गाड्यांत घालून भडोचच्या बंदराकडे नेले जात असल्याचे नमूद आहे. तेव्हा बंदराचे दुखणे हे मराठवाड्याला परके दुखणे नव्हे.

२. बंदर कशाने जगते व कशाने मरते

बंदराला तीन गोष्टी लागतात : पुरेशी खोली, लाटांपासून आसरा आणि मुलखाकडे जाणारी वाट. ह्यांपैकी एक गोष्ट गेली तरी बंदर मरते. कोकणचा इतिहास हा एका अर्थी बंदरांच्या मृत्यूचा इतिहास आहे. सोपारा, चौल, दाभोळ, राजापूर ही नावे एके काळी अरबस्तानापर्यंत ठाऊक होती. अर्जुना नदीच्या खाडीतून राजापूरपर्यंत आणि वाशिष्ठीतून चिपळूणजवळच्या गोवळकोटपर्यंत गलबते येत. ह्यांपैकी बहुतेक ठिकाणी राजकीय उलथापालथीइतकाच, किंबहुना अधिक, वाटा गाळाचा होता. सह्याद्रीच्या उतारावरची माती पावसाबरोबर खाली आली, खाड्या उथळ झाल्या आणि वाढत्या आकाराची जहाजे आत येईनाशी झाली.

मुंबईत उलट प्रकार घडला. तेथे समुद्र हटविला गेला. बोरीबंदर, कर्नाक बंदर, मस्जिद बंदर ह्या नावांत 'बंदर' हा फारसी शब्द आजही टिकून आहे. पाणी मात्र तेथून केव्हाच दूर गेले. भाषेच्या अभ्यासकाला अशी स्थलनामे म्हणजे जुन्या किनाऱ्याचा नकाशाच वाटतो. १८७३ साली मुंबईचा बंदर विश्वस्त मंडळ अस्तित्वात आले. १८७५ मध्ये ससून गोदी, १८८० मध्ये प्रिन्सेस गोदी व १९१४ मध्ये अलेक्झांड्रा गोदी (आजची इंदिरा गोदी) खुली झाली. १९८९ मध्ये खाडीपलीकडे न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाले. ह्या सर्व बांधकामांचा पाया भराव हाच आहे, आणि भरावाची जमीन स्वभावतःच सखल असते, हे पुढील विवेचनात ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे.

३. मर्यादा कशी सरकते

समुद्राची पातळी वाढण्याची मुख्य कारणे दोन. तापलेले पाणी प्रसरण पावते हे पहिले, आणि हिमनद्या व ध्रुवप्रदेशांवरील बर्फाचे थर वितळून त्यांचे पाणी समुद्रात येते हे दुसरे. आंतरशासकीय हवामानबदल मंडळाच्या २०२१ मधील अहवालाप्रमाणे १९७१ ते २०१८ ह्या काळातील वाढीपैकी सुमारे निम्मी एकट्या प्रसरणाने झाली. १९०१ ते २०१८ ह्या काळात जागतिक सरासरी पातळी सुमारे २० सेंटिमीटरांनी वाढली. परंतु एकूण वाढीपेक्षा तिचा वेग अधिक बोलका आहे. १९०१ ते १९७१ ह्या काळात तो वर्षाला सरासरी १.३ मिलिमीटर होता. २००६ ते २०१८ ह्या काळात तो ३.७ मिलिमीटरांवर गेला. ह्या शतकाच्या अखेरीस वाढ किती होईल हे मानवी वर्तनावर अवलंबून आहे. उत्सर्जन फार लवकर आटोक्यात आले तर अदमासे २८ ते ५५ सेंटिमीटर, आणि ते वाढतच राहिले तर ६३ सेंटिमीटर ते एक मीटर, असा अंदाज आहे.

आपल्या किनाऱ्याच्या बाबतीत एक मोठी सोय अशी, की मुंबईच्या अपोलो बंदर येथील भरतीमापक १८७८ पासून नोंदी ठेवीत आला आहे. हिंदी महासागरात इतकी दीर्घ नोंदमाला दुसरी नाही. अशा जुन्या मापकांच्या आधारे उत्तर हिंदी महासागरातील विसाव्या शतकातील वाढ वर्षाला सुमारे १ ते पावणेदोन मिलिमीटर असल्याचे निष्पन्न झाले. तर १९९३ नंतरच्या उपग्रहीय मोजणीत ती तीन मिलिमीटरांच्या पुढे गेलेली दिसते.

येथे कोणी म्हणेल की, ज्या मुंबईत उधाणाच्या दिवशी भरती-ओहोटीतील अंतर पाच मीटरांच्या घरात जाते, तेथे वर्षाला तीन मिलिमीटरांची मातब्बरी ती काय? ह्या शंकेचे उत्तर कोळ्यांच्या गणितातून चांगले देता येते. किनाऱ्यावर एक जुना ठोकताळा आहे : तिथीच्या अंकाला तिनाने गुणून चाराने भागावे, म्हणजे बाराच्या पुढे किती वाजता पूर्ण भरती येईल ते कळते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपासची मोठी भरती ती 'उधाण', आणि अष्टमीच्या आसपासची लहान भरती ती 'भांग'. हे गणित चंद्राचे आहे आणि चंद्र काही बदललेला नाही. म्हणून ठोकताळा भरतीची वेळ आजही पुष्कळसा बरोबर सांगतो. मात्र भरती कोणत्या पायरीपर्यंत चढेल हे त्याला सांगता येत नाही, कारण ज्या तळपातळीवर ती चढते ती तळपातळीच उचलली जात आहे. धक्क्याला धोका सरासरी पाण्याचा नसतो. वर्षातून काही तासच येणाऱ्या सर्वांत उंच पाण्याचा असतो. धक्का आणि ते पाणी ह्यांमधील राखीव अंतर हातभरच असते. त्यातील वीतभर खर्ची पडली, तर पूर्वी क्वचित घडणारी गोष्ट वारंवार घडू लागते. वर निर्दिष्ट केलेल्या अहवालाचा निष्कर्षही असाच आहे : शतकातून एकदा येणारी अत्युच्च पातळी २१०० पर्यंत जगातील निम्म्याहून अधिक मापकांच्या ठिकाणी दरवर्षी येऊ लागेल.

दुसरी शंका अशी की, पाणी वाढले तर बंदराला खोली मिळून लाभच व्हावयाचा नाही काय? लाभ नाममात्र आहे. पंधरा मीटर खोलीच्या जलमार्गात अर्धा मीटर वाढल्याने गाळ काढण्याचा खर्च सुटत नाही. उलट नुकसान मोठे आहे. उथळ पाण्यात लाटेची उंची पाण्याच्या खोलीने मर्यादित होते. खोली वाढली की मोठी लाट न फुटता बांधापर्यंत पोहोचते. लाटरोधक बांधावरील दगडाला लागणारे वजन लाटेच्या उंचीच्या घनाच्या प्रमाणात वाढते. लाट एक दशांशाने उंच झाली, तर दगड सुमारे एक तृतीयांशाने जड लागतो. ह्या एका नियमात जुन्या बांधांची सारी अडचण सामावलेली आहे.

४. वादळे, पाऊस आणि वाट

अरबी समुद्र हा बंगालच्या उपसागराच्या मानाने शांत समजला जात असे. हा समज आता सोडावा लागेल. २००९ च्या नोव्हेंबरात 'फयान' कोकणावरून गेले. ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. १७ मे २०२१ रोजी 'तौक्ते' मुंबईजवळून जाऊन गुजरातेत शिरले, आणि जून २०२३ मध्ये 'बिपरजॉय' कच्छच्या किनाऱ्यावर गेले. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील अभ्यासकांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात अरबी समुद्रातील चक्रीवादळांची संख्या अलीकडील दोन दशकांत सुमारे निम्म्याने वाढल्याचे दाखविले आहे. समुद्राचे पृष्ठजल तापणे हे त्याचे प्रमुख कारण होय.

ह्या तारखांकडे मराठवाड्याच्या दृष्टीने पाहिले असता एक गोष्ट प्रकर्षाने जाणवते. अरबी समुद्रातील वादळांचा एक हंगाम मे-जून हा आहे, आणि मृग नक्षत्र लागते ७ जूनच्या सुमारास. म्हणजे आपल्याकडे खताच्या गोणीची वाट पाहिली जाते, नेमक्या त्याच पंधरवड्यांत पश्चिमेकडील बंदरे बंद पडण्याचा संभव सर्वाधिक असतो. पूर्व किनारा हा पर्याय आहे खरा. पण तोही निर्धोक नाही. ऑक्टोबर २०१४ मध्ये 'हुदहुद'ने विशाखापट्टणम् ग्रासले होते.

पावसाचा मारा बंदरावर दोन बाजूंनी होतो. एक, अल्पकाळात कोसळणारा पाऊस आणि उधाण एकाच वेळी आले की पाण्याला उतार राहत नाही. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि भरतीमुळे त्याचा निचरा अडला. हे उदाहरण सर्वांच्या स्मरणात आहे. समुद्रपातळी वाढत जाईल तसतसे नाल्यांचे तोंड अधिक तास पाण्याखाली राहील. दोन, असा पाऊस डोंगरउतारावरची माती खाड्यांत आणून टाकतो. ज्या गाळाने राजापूर मेले, त्याचेच हे नवे रूप आहे.

बंदराची तिसरी गरज जी वाट, तिचा विचार पुष्कळदा राहून जातो. २०१९ च्या पावसाळ्यात कर्जत-लोणावळा घाटातील दरडींमुळे रेल्वेवाहतूक दीर्घकाळ विस्कळीत झाली. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीच्या पुराने चिपळूण बुडाले. धक्का शाबूत आणि घाट बंद, अशा अवस्थेत बंदर असून नसल्यासारखेच होय. ह्याखेरीज उष्णतेचा ताप आहेच. दमट हवेत उघड्या फरसबंदीवर काम करणाऱ्या हमालाच्या देहाची सहनशक्ती यंत्राच्या सहनशक्तीपेक्षा आधी संपते.

५. अनुकूलनाचे मार्ग

उत्सर्जन कमी करण्याच्या प्रयत्नांस 'उपशमन' व बदललेल्या परिस्थितीशी जुळवून घेण्यास 'अनुकूलन' अशा संज्ञा रूढ होत आहेत. नौकानयनाचा जागतिक उत्सर्जनातील वाटा तीन टक्क्यांच्या आसपास असल्याने उपशमनाचे कर्तव्य त्यालाही चुकत नाही. येथे मात्र अनुकूलनापुरतेच पाहू. त्याचे चार मार्ग संभवतात.

पहिला मार्ग उंची व बळकटी वाढविण्याचा. ह्यात निर्णयाची वेळ सर्वांत महत्त्वाची. नवे बांधकाम करताना अर्धा मीटर अधिक उंची देणे तुलनेने स्वस्त पडते. चालू धक्का मागाहून उचलणे अत्यंत महाग, कारण त्याबरोबर रूळ, याऱ्या, गुदामे व रस्ते हे सारेच उचलावे लागतात. पालघर जिल्ह्यातील वाढवण येथील बंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ रोजी झाली. त्याचा अंदाजित खर्च ७६ हजार कोटी रुपयांच्या वर आहे आणि त्यासाठी समुद्रात मोठा भराव घालावयाचा आहे. त्या योजनेला तेथील मच्छीमारांचा तीव्र विरोध आहे, आणि त्या वादाचा निर्णय करणे हे ह्या लेखाचे काम नव्हे. पण जे बांधकाम एकविसाव्या शतकाच्या पलीकडे उभे राहावयाचे, त्याची उंची विसाव्या शतकातील उधाणावरून ठरविता येणार नाही, एवढे निर्विवाद आहे. खडकवासला येथील केंद्रीय जल व विद्युत संशोधनशाळा १९१६ पासून कार्यरत आहे. बंदरे व लाटरोधक बांध ह्यांच्या लहान प्रतिकृतींवर कृत्रिम लाटा सोडून त्यांची परीक्षा तेथे केली जाते. ह्या परीक्षांत भविष्यातील पातळी धरणे, हे अनुकूलनाचे पहिले पाऊल होय. हॉलंडमध्ये १९९७ पासून रोटरडॅमच्या जलमार्गाच्या मुखाशी प्रचंड सरकती दारे उभी आहेत. परंतु आपल्या खाड्यांची रुंदी, भरतीचा प्रचंड आवाका आणि पावसाळी पूर पाहता तो उपाय येथे जसाच्या तसा उतरविता येईल असे वाटत नाही.

दुसरा मार्ग निसर्गाच्या आधाराचा. तिवरांची बने लाटांचा जोर मोडतात व गाळ धरून ठेवतात. महाराष्ट्रात २०१२ मध्ये कांदळवनांसाठी वनखात्याचा स्वतंत्र कक्ष स्थापन झाला. कोकणातील खाजणांचे बांध हीदेखील ह्याच जातीची जुनी विद्या आहे. खाऱ्या पाण्याला बांध घालून आतल्या जमिनीत भात पिकवावयाचा आणि त्या बांधाची दरवर्षी गावाने मिळून डागडुजी करावयाची, अशी ती पद्धत होती. डागडुजी थांबली तेथे खारे पाणी शेतात आले. अनुकूलन ही एकदा करून टाकण्याची गोष्ट नसून सतत करीत राहण्याची आहे, हा धडा त्यातून मिळतो. तिवरांनाही मर्यादा आहे : पाणी वाढले की त्यांना जमिनीकडे सरकावे लागते, आणि मागे भिंत किंवा रस्ता असेल तर ती जागीच बुडतात.

तिसरा मार्ग पूर्वसूचनेचा. ९ जून १९९८ रोजी कांडला बंदरावर चक्रीवादळ आले, तेव्हा हजाराहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. त्यांत मिठागरांतील व बंदरातील मजुरांचा भरणा मोठा होता. २०२३ मध्ये 'बिपरजॉय' त्याच मुलखात आले. त्याआधी बंदरांचे काम थांबविण्यात आले, सुमारे एक लाख लोकांना हलविण्यात आले, आणि प्राणहानी अगदी अल्प झाली. पंचवीस वर्षांत घडलेला हा फरक म्हणजे अनुकूलन शक्य असल्याचा सर्वांत भक्कम पुरावा होय. पण २०२१ च्या 'तौक्ते' वादळात मुंबईनजीकच्या तेलक्षेत्रात 'पी-३०५' हा तराफा बुडून सत्तराहून अधिक कामगार दगावले, आणि तेही इशारा आधी मिळालेला असताना. सूचना मिळणे आणि सूचनेप्रमाणे वागणे ह्यांत अंतर राहते, ते असे.

चौथा मार्ग मुलखाच्या बाजूने तयारी करण्याचा. जालन्याजवळ कोरड्या बंदराची पायाभरणी २०१५ मध्ये झाली. मालाची तपासणी व भरणी किनाऱ्यापासून दूर झाली, तर सखल भरावावर अडकून पडणारा माल कमी होतो. त्याचप्रमाणे खरिपाच्या खताचा साठा मेअखेरची वाट न पाहता उन्हाळ्याच्या आरंभीच जिल्ह्याजिल्ह्यांत पोहोचविणे हेही बंदरांचेच अनुकूलन आहे; त्याला सिमेंट लागत नाही, नियोजन लागते.

६. इशाऱ्याची भाषा

भाषाशास्त्राच्या अभ्यासकाला ह्या प्रश्नात जे काही सांगता येण्यासारखे आहे, ते तिसऱ्या मार्गासंबंधी आहे. आपल्या बंदरांवर वादळसूचनेसाठी एक ते अकरा क्रमांकांचे बावटे लावण्याची पद्धत आहे. 'बंदराला तीन नंबरचा बावटा लागला' हे वाक्य कोळीवाड्यात कोणालाही समजावून सांगावे लागत नाही. ह्या संकेतव्यवस्थेचे सामर्थ्य असे, की एका चिन्हाला एकच कृती जोडलेली आहे. उलट, आजच्या पत्रकांतील 'तीव्र कमी दाबाचे क्षेत्र' किंवा 'ताशी अमुक किलोमीटर वेगाचे वारे' ही भाषा वादळाचे वर्णन करते, परंतु ऐकणाऱ्याच्या दाराशी पाणी कोठवर येईल आणि त्याने होडी केव्हा ओढून घ्यावी, हे सांगत नाही. भांगाच्या दिवशी आलेले वादळ आणि उधाणाच्या पूर्ण भरतीस आलेले वादळ ह्यांतील फरक वाऱ्याच्या वेगात दिसत नाही. तो 'उधाण' ह्या शब्दात मात्र आहे. म्हणून इशारा तयार करताना किनाऱ्याची ही परिभाषा वापरली जाणे ही शैलीची नव्हे, सुरक्षिततेची बाब आहे.

दुर्दैवाने ती परिभाषा झपाट्याने लोपत आहे. 'उत्साहाला उधाण आले' असे आपले विद्यार्थी सहज लिहितात. त्यांनी उधाण पाहिलेले नसते. लक्षणेने शब्द वाचला, पण अनुभव गेला. 'भांग' हा शब्द तर घाटावर ह्या अर्थी कोणास ठाऊकच नाही. सुकती, खाजण, तिवर, भांग अशा शब्दांचे किनाऱ्यावरील बोलींतून पद्धतशीर संकलन, आणि त्यांबरोबर 'पूर्वी पाणी ह्या पायरीपर्यंत येई' अशा स्मृतींची गावनिहाय नोंद, हे मराठी विभागांतील पदव्युत्तर विद्यार्थ्यांना सहज हाती घेता येईल असे कार्य आहे. भरतीमापक मोजक्या ठिकाणी आहेत. पायऱ्या व माणसे प्रत्येक गावात आहेत. अशा स्मृती मोजणीची जागा घेऊ शकत नाहीत, पण मोजणी कोठे करावी हे दाखवू शकतात. लहान जेट्ट्या, मासळी उतरविण्याचे धक्के आणि कोळीवाडे ह्यांच्या बाबतीत तर ह्याची विशेष गरज आहे. मोठ्या बंदरांना अभियंते व अर्थसाहाय्य लाभते. ह्या लहान ठिकाणांची उंची पुष्कळदा कोणी मोजलेलीही नसते.

७. समारोप

वरील विवेचनातून तीन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली, बंदरांवरील संकट केवळ पातळीवाढीचे नाही; पातळी, वादळ, पाऊस, गाळ आणि घाटातील वाट ही एकत्र येतात तेव्हा ते उद्भवते. दुसरी, त्यावरील उपाय अज्ञात नाहीत. कांडल्याच्या दोन वादळांमधील अंतर त्याची साक्ष देते. तिसरी, उपायाची किंमत तो केव्हा योजला ह्यावर ठरते. धक्का बांधण्यापूर्वी दिलेली अर्धा मीटर उंची आणि बांधल्यानंतर द्यावी लागणारी अर्धा मीटर उंची ह्या मापाने सारख्या असल्या, तरी खर्चाने सारख्या नाहीत. समुद्राची मर्यादा आणि कृतीचा काळ ह्या दोहोंना आपल्या पूर्वजांनी एकच शब्द दिला होता. बंदरांच्या संदर्भात तो शब्द पुन्हा दोन्ही अर्थांनी वापरावा लागेल, अशी ही अवस्था आहे.